जड होण्याची विद्या

किरणोपचाराच्या शेवटच्या सत्राहून परतल्यावर अक्कांनी दुकानाचा उंबरा ओलांडला आणि प्रथम केले ते हे, की बेतण्याच्या लांब मेजावर अंथरलेली चादर एका अंगाला घसरली होती, ती दोन बोटांनी ओढून सारखी केली. उजव्या हाताच्या बोटांनी. डावा हात अजून खांद्याच्या वर जाताना कुरकुरत होता. मग त्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या.

"अक्का, आज तरी हात आवर," धाकटा भाऊ म्हणाला. "यंत्राने सोडलं नाही तोच कामाला लागलीस."

"चादर वाकडी होती."

"जग वाकडं आहे. तेही ओढून सरळ करणार का?"

"कड हाताशी आली तर करीन," अक्का म्हणाल्या.

त्या मेजावर अन्न वाढले जाण्याची या कुटुंबातील ही पहिलीच वेळ होती. वडिलांच्या काळापासूनचा दंडक असा, की मेजावर कापड, खडू आणि कातर यांखेरीज चौथी वस्तू येऊ द्यायची नाही. पाण्याचा पेलासुद्धा खिडकीच्या फळीवर. धाकट्याने लहानपणी तिथे एकदा अर्धे खाल्लेले फळ ठेवले होते, त्याचा प्रसाद त्याच्या अद्याप स्मरणात होता. परंतु आज खुद्द अक्कांनीच आज्ञा केली होती, की जेवण खालीच होईल. वरच्या खोलीत पाच माणसे दाटीने बसली असती. आज सहावे माणूस येणार होते, आणि त्या माणसाला दाटीत बसवणे अक्कांच्या मनाला रुचत नव्हते.

ते सहावे माणूस म्हणजे रुग्णालयाच्या किरणोपचार विभागातील थेरपिस्ट. घरात त्यांना नाव पडले होते जडबाई. वस्तुतः बाईंची अंगकाठी शिवणयंत्राच्या सुईइतकी. फुंकर मारली तर उडतील. नाव पडले ते त्यांच्या नित्याच्या एका वाक्यावरून. उपचाराच्या त्या अरुंद, कठीण पलंगावर रुग्ण निजला, की भिंतींतून निघणाऱ्या हिरव्या प्रकाशरेषा त्याच्या त्वचेवरील खुणांशी तंतोतंत जुळवाव्या लागतात. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. रुग्णाला वाटते, आपणही हातभार लावावा. तो थोडा सरकतो, खांदा उचलून देतो, पाठ ताठ करतो, आणि जुळत आलेले सारे विसकटते. म्हणून बाई रोज सकाळी, तोच मृदू स्वर राखून, म्हणत: "मदत करू नका. जड व्हा. धान्याच्या पोत्यासारख्या. आम्ही हलवू."

अक्कांना त्या सबंध उपचारात काही कठीण गेले असेल तर ते हेच. शस्त्रक्रियेला त्या डगमगल्या नव्हत्या. छातीची डावी बाजू गेली तेव्हा आरशासमोर उभे राहून त्यांनी आपल्या पोलक्याचे माप शांतपणे नव्याने घेतले होते. पण जन्मभर ज्यांनी प्रत्येकाच्या कामाला हात लावला, त्यांनी कुणाच्या तरी हाती नुसते पडून राहायचे, ही विद्या त्यांना कुणी शिकवलीच नव्हती.

"बाई येतील ना नक्की?" भावजयीने विचारले. ती थोरल्याची बायको. ताटे मांडता मांडता तिचे लक्ष दाराकडे होते. "वन्सं, त्यांना तिखट चालतं का विचारलं होतंत?"

"त्या मला श्वास धरायला सांगत होत्या. मी त्यांना तिखटाचं कधी विचारणार?"

श्वास धरणे हाही त्या उपचाराचाच भाग. छाती भरून श्वास घेतला, की हृदय किरणांच्या वाटेतून थोडे मागे सरते. म्हणून जड दार बंद झाल्यावर, बाहेरच्या खोलीतून, पडद्यावर नजर ठेवून, बाई ध्वनिवर्धकातून सांगत: श्वास घ्या, धरा, आणि मग काही वेळाने, सोडा. त्या 'सोडा'ची अक्का अशी वाट पाहत, की घरी चहाचा घोट घेतानासुद्धा त्यांना क्षणभर कुणाच्या तरी अनुज्ञेची आवश्यकता वाटे.

थोरला भाऊ खिडकीपाशी आपल्या यंत्रावर बसला होता. यंत्र बंद होते. तो नुसताच चाकावर हात ठेवून बसला होता. आजचे जेवण कृतज्ञतेचे आहे, हे सर्वांनी मोठ्याने म्हटले होते. आज आणखी एका गोष्टीचा निकाल लागायचा आहे, हे कुणीच म्हटले नव्हते, आणि म्हणूनच ती गोष्ट खोलीत सर्वांत मोठी जागा अडवून बसली होती.

ती गोष्ट म्हणजे वितू. थोरल्याची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा वीतभर होती, म्हणून अक्कांच्या वडिलांनी मापपट्टी लावून ठेवलेले हे नाव. आता ती घरात सर्वांत उंच होती, नाव मात्र तेवढेच राहिले होते. शाळा संपली होती, विज्ञानात गुण चांगले होते, आणि आठवड्यापूर्वी तिने सरळ सांगून टाकले होते, की तिला किरणोपचाराचे शिक्षण घ्यायचे आहे, जडबाईंचे काम करायचे आहे.

या घोषणेने कोण कुणाच्या बाजूला जाईल, हे आधी सांगता आले नसते. भावजय आणि धाकटा दीर यांचे एरवी विळ्याभोपळ्याचे सख्य. या एका प्रश्नावर ती दोघे विरोधात एकत्र आली. थोरला काहीच बोलला नाही, आणि त्याचे न बोलणे सर्वांहून जड होते. अक्काही बोलल्या नव्हत्या. त्यांना वेळ हवा होता, कारण त्यांच्या मनात वडिलांची कातर केव्हाच वितूच्या हाती गेली होती. थोरल्याची शिवण दोरीसारखी सरळ. परंतु बेतणे निराळे. अखंड कापड पुढे पसरले असता त्यातला सदरा ज्याला आधीच दिसतो, तो बेतणारा. अक्कांना दिसे. वितूला दिसे, तिने अकराव्या वर्षी उरलेल्या तुकड्यांतून बाहुलीला नव्हे, चांगल्या जिवंत मांजराला कोट बेतला होता आणि तो मांजराला बसला होता. अक्कांच्या नंतर वितू नसेल, तर हे दुकान लांबी कमी करून देणाऱ्यांचे आणि विजारींच्या साखळ्या बदलून देणाऱ्यांचे होऊन जाईल. आजाराच्या दिवसांत अक्कांना मृत्यूचे जितके भय वाटले नाही, तितके याचे वाटले होते.

"वितू कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"रुग्णालयाचे झगे बांधतेय मागे," भावजय म्हणाली. "आणि तुम्ही आज तिला स्पष्ट सांगा, वन्सं. तुमचं ऐकेल. माझं म्हणजे काय, पालथ्या घड्यावर पाणी. दिवसभर त्या किरणांत उभं राहायचं. उद्या लग्न होईल, लेकरं व्हायची असतील, कोण जबाबदार?"

"आणि करायचं काय तिथे?" धाकट्याने री ओढली. तो पुलांची कामे पाहणारा अभियंता. मोठ्या वस्तूंची त्याला आवड. "बटण दाबायचं. एवढी हुशार मुलगी. डॉक्टर हो, यंत्र बनवणारी हो. बटण काय, मीही दाबीन."

"काका, तूसुद्धा पुलावर उभा राहून शिट्टीच मारतोस," मागच्या दारातून वितू आत येत म्हणाली. तिच्या हातांवर हलक्या निळ्या झग्यांची चळत होती, हनुवटीपर्यंत. "पूल काही तू उचलत नाहीस."

"बघ, जीभ बघ. बेतायला कापड नाही मिळालं की माणसं बेतते."

अक्का हसल्या नाहीत, पण त्यांनी चळत खाली ठेवायला जागा करून दिली. थोरला मुलीकडे न पाहता उठला आणि दार उघडायला गेला, कारण दारावर थाप पडली होती.

जडबाई आल्या त्या केसांतून हात फिरवीत, थोड्या अवघडलेल्या. गणवेशाबाहेर त्या कुणाच्या तरी धाकट्या बहिणीसारख्या दिसत होत्या. अक्का उठू लागल्या, तशा त्यांनी हात पुढे केला.

"बसा. सकाळी काय ठरलं?"

"तो पलंगावरचा नियम झाला, बाई. इथे मी घरची आहे."

"घरात तर अधिकच कठीण असतं," बाई म्हणाल्या, आणि धाकटा मोठ्याने हसला.

जेवणाआधी झगे दाखवले गेले, कारण अक्कांना धीर नव्हता. विभागातले जुने झगे पाठीवर नाड्यांनी बांधायचे. छातीवरच्या उपचारासाठी सबंधच उतरवावे लागत, आणि त्या गार खोलीत बायका अर्ध्या उघड्या, छताकडे पाहत पडून राहत. अक्का पहिल्या दिवशी छताकडे पाहत पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या झग्याकडे पाहू लागल्या. हा नवा झगा दोन्ही खांद्यांवर उघडत होता. ज्या बाजूचे काम, तेवढीच बाजू खाली करायची. बटण नाही, साखळी नाही, कुठे धातू नाही.

बाईंनी एक झगा उलटा करून पाठीचा भाग तपासला. "शिवण मधोमध नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात, पाठीखाली शिवण आली की माणूस हलतो. काखेत वळवली."

बाई काही वेळ त्या कापडावरून अंगठा फिरवीत राहिल्या. "अक्का, आमच्याकडे लोक मिठाई आणतात. फुलं आणतात. उद्यापासून येणाऱ्या बाईला अंग झाकून झोपता येईल, असं काही कुणी आणलं नव्हतं." अक्कांनी झगा परत घेऊन, मुळात नीटच असलेली त्याची घडी पुन्हा घातली.

जेवण सुरू झाले. तिखट बाईंना चालत होते, नव्हे, त्यांनी मागून घेतले. धाकट्याने खुणांची कथा काढली. ती त्याची लाडकी कथा होती आणि दर वेळी थोडी वाढत होती.

"बाई, तुम्ही हिच्या अंगावर शाईने रेघा मारल्यात, आणि ही घरी येऊन तेलाच्या बोळ्याने चकचकीत पुसून मोकळी झाली. खरं सांगा, रागावला नाहीत?"

यात मात्र त्याने काही वाढवले नव्हते. नियोजनाच्या दिवशी मोजमाप होऊन त्वचेवर खुणा रेखल्या गेल्या. पुसू नका असे बजावलेही गेले. अक्का घरी आल्या, आरशात त्यांना आपल्या छातीवर रेघा दिसल्या, आणि मनाने काही ठरवण्याआधीच हातांनी आपले काम केले. कारण या दुकानातून खडूची रेघ कधीही बाहेर गेली नव्हती. वडील म्हणत, खूण आपल्यापाशी राहावी, कपडा गिऱ्हाईकाकडे जावा. इतक्या वर्षांची ती सवय. तिच्यापुढे रुग्णालयाची सूचना काय टिकणार? दुसऱ्या दिवशी दिवे लागले, हिरव्या रेषा उतरल्या, आणि त्यांना टेकायला जागाच नव्हती.

"रागावले नाही," बाई म्हणाल्या. "मनात म्हटलं, काय सुंदर साफ केलंय."

"त्या म्हणाल्या, का पुसलीत?" वितू पहिल्यांदाच बोलली. "आत्याने सांगितलं आमच्या आजोबांचं. मग त्या म्हणाल्या, इथे उलटं आहे. ही खूण आमची नाही, तुमची आहे, तुमच्यापाशीच राहू दे. आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. त्या दिवशी त्यांचं जेवण राहिलं. आत्याला कळूसुद्धा दिलं नाही."

"राहिलं होतं?" अक्कांनी विचारले.

"आता भरून काढतेय," बाई म्हणाल्या आणि ताट पुढे केले.

भावजयीने वाढले, पण वाढणारा हात ताटावरच थांबला. "बाई, एक विचारू? तुम्हाला लेकरं आहेत?"

"दोन. मोठा माझ्याहून जाड आहे."

"म्हणजे ते किरण..."

"आम्ही आत नसतो तेव्हाच ते असतात. दार बंद झाल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही, आणि बंद केलं की काही शिल्लक राहत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का, तसं. शिवाय छातीवर एक बिल्ला असतो, अंगावर किती आलं ते तो सांगतो. पोटुशी असताना आधी कळवायचं, मग काम बदलून देतात. काळजी घ्यावी लागते, ताई. भ्यावं लागत नाही."

भावजयीने उरलेला डाव वाढला. पुढच्या खेपेला तिने सर्वांआधी बाईंच्या ताटाकडे पाहिले, आणि अक्कांनी ओळखले, की एक भिंत खचली.

"ते दार," धाकटा म्हणाला, "आणि त्या भिंती. जाडी किती असेल हो?"

"तुम्ही माप घ्यायला या. माणसाची उंची आडवी टाकली तर मावेल, अशा जागा आहेत."

"भरीव काँक्रीट?"

"भरीव. आणि आत जायची वाट वळणाची, म्हणजे किरण भिंतीला आपटून थकतात."

धाकट्याने चमचा खाली ठेवला. आता त्याच्या डोळ्यांत जी चकाकी आली, ती अक्कांना त्याच्या लहानपणापासून ठाऊक होती. पाया कसा घातला, एवढे वजन जमीन कशी पेलते, पलंग किती अचूक सरकतो; प्रश्नांमागून प्रश्न. शेवटी तो वितूकडे वळून म्हणाला, "हे सगळं तू पाहिलंस आणि मला बटण म्हणून सांगितलंस?"

"बटण तू म्हणालास, काका."

"बरं, मी म्हणालो. माणूस चुकतो."

भावजयीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की याला आपल्या बाजूला घेतले हीच चूक झाली. मग तिलाच हसू आले, कारण तिची स्वतःची बाजू तरी कुठे जागेवर होती?

त्या हसण्यातच थोरल्याचा आवाज आला. हळू, आणि म्हणूनच सर्वांना ऐकू गेला.

"बाई, राग मानू नका. माझ्या बहिणीला तुम्ही परत दिलंत. ते उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडून विसरायचेही नाहीत. पण उपकाराच्या बदल्यात घरातली मुलगी द्यायची का?"

वितूचे कान लाल झाले होते.

"देऊ नका," जडबाई म्हणाल्या. "मी मागितलेली नाही. उलट दोनदा परत पाठवली आहे. हिने विचारलं, बाहेरच्या खोलीत बसून बघू का? अक्कांची परवानगी होती म्हणून बसवलं. नंतर ज्या रुग्णांची हरकत नव्हती, त्यांच्याही वेळी बसली. मी तिला सांगितलं, कृतज्ञता म्हणून येऊ नकोस. ती चांगली गोष्ट आहे, पण तिच्यावर रोजचं काम निभत नाही. दिवसभर उभं राहायचं, माणसं उचलायची, पाठ दुखते. शिकताना भौतिकशास्त्र आहे, शरीरशास्त्र आहे, रडू येईल एवढं आहे. आणि सगळे अक्कांसारखे शेवटच्या दिवसापर्यंत येत नाहीत. पलंग तयार करून वाट पाहायची, आणि निरोप येतो."

अक्कांना तो दिवस ठाऊक होता. त्या सायंकाळी वितू घरी आली, आणि ताटावरून न जेवता उठली होती. विचारल्यावर एवढेच म्हणाली होती, की आज एक आजोबा आले नाहीत. अक्कांना तेव्हा वाटले होते, की झाले, आता हा नाद सुटेल. दुसऱ्या दिवशी वितू त्यांच्याआधी तयार होऊन दारात उभी होती.

"मग का?" थोरल्याने मुलीला विचारले. आठवड्याभरात त्याने तिला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

वितूने मेजाच्या कडेवर बोट फिरवले, तिथे अक्कांच्या वडिलांनी कोरलेल्या मापाच्या खाचा होत्या. "बाबा, आपण माप एकदा घेतो. कपडा एकदा बसला की झालं. तिथे तेच माप रोज पुन्हा बसवायचं, आणि माणूस रोज वेगळा असतो. कुणी रात्रभर झोपलेलं नसतं, कुणी वाळलेलं असतं, कुणी भांडून आलेलं असतं. तरी त्याला कालच्याच जागी आणायचं, केसभर न चुकता, आणि त्याला जोर न लावता. मला ते दिसतं, बाबा. पलंगावर माणूस झोपला की, कुठे सैल नाही, ते मला आधी दिसतं. कापडात दिसतं तसंच." ती थांबली. "कातर मला आवडते. आवडत नाही म्हणून नाही जात आहे मी."

हे शेवटचे वाक्य ती बोलली वडिलांशी. पाहत होती अक्कांकडे.

मग सगळेच अक्कांकडे पाहू लागले. इतक्या वर्षांत या मेजाभोवती अनेकदा असे झाले होते. कुणी कुणाशी लग्न करावे, कुणी गाव सोडावे, वडिलांच्या मागे दुकान कुणी चालवावे. प्रत्येक वेळी अक्कांनी हात घातला होता आणि ओढून सारखे केले होते. आताही एक शब्द पुरेसा होता. थांब, एवढाच. मुलगी थांबली असती, हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि त्याचेच त्यांना भय वाटले.

"ताटं उचला," त्या म्हणाल्या. "चादर काढा."

कुणी का म्हणून विचारले नाही. मेज उघडे झाले. जुने, काळपट, खडूने शतदा माखलेले आणि शतदा पुसलेले लाकूड.

"धाकट्या, खालून हात फिरव. तिथे, मधल्या फळीला."

तो वाकला. "भोकं आहेत. ओळीने."

"कशाची?"

"मागाची," थोरला म्हणाला. त्याला ठाऊक होते. त्याने वडिलांकडून ऐकले होते. "आजोबांच्या मागाची लाकडं आहेत. वडिलांनी मेज करवून घेतलं."

"वडिलांनी नाही," अक्का म्हणाल्या. "मी लहान होते, पण बघत होते. आपल्या घरात विणायचे सगळे. वडिलांना कातरीचा छंद लागला. आजोबा कितीतरी दिवस बोलले नाहीत, तुझ्यासारखेच. मग एका सकाळी स्वतः करवत घेऊन मागापाशी बसले. वडील धावले, अहो, हे काय करता? आजोबा म्हणाले, लाकूड चांगलं आहे. तुझ्या कामाला येईल." त्या क्षणभर थांबल्या. "आपण इतकी वर्षं ज्याच्यावर बेतलं, तो कुणीतरी मोडलेला माग आहे."

थोरला मेजाकडे पाहत होता. "अक्का, गोष्ट खरी आहे. पण माग मोडला तेव्हा कातर धरणारा घरात होता. आता कातर कोण धरणार?"

"मी आहे अजून. डॉक्टर म्हणतात, पुष्कळ आहे."

"आणि तुझ्यानंतर?"

"तू."

धाकट्याच्या हातातला पेला वाजला. भावजयीने नवऱ्याकडे पाहिले, जणू त्याला नुकतेच कुणी घरात आणून बसवले होते.

"मी?" थोरला म्हणाला. "या वयात?"

"मी या वयात जड व्हायला शिकले."

"तुला कातर कधी मागितली नाही मी."

"का नाही मागितलीस?"

थोरल्याने खिडकीच्या फळीवरच्या कातरीकडे पाहिले. मग म्हणाला, "लहान असताना एकदा उचलली होती. तू आलीस, माझ्या हातावर हात ठेवलास आणि रेघ आपणच कापून दिलीस. छान कापलीस. मग वाटलं, ही आहे ना." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसे त्याने सांगितले.

अक्कांना ते आठवले नाही. आठवण्यासारखे त्यात काही घडलेच नव्हते. त्यांनी मदत केली होती. रोजच करीत असत.

त्या उठल्या, खिडकीच्या फळीवरची कातर त्यांनी उजव्या हाताने उचलली आणि मेजावर, थोरल्याच्या बाजूला ठेवली. मग मागे जाऊन निळ्या कापडाचा शेवटचा तुकडा आणला. एक झगा मुद्दाम राखून ठेवला होता. पाहुण्यांसमोर तो वितूने बेतावा आणि सर्वांनी तिचा हात पाहावा, अशी त्यांची मूळ योजना होती. ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. कापड पसरून त्या आपल्या खुर्चीत येऊन बसल्या.

"वितू, तू जा शिकायला," त्या म्हणाल्या. "मन लावून शीक. सुट्टीत ये आणि बाबाने काय काय बिघडवलंय ते बघून जा."

वितूने डोळे बाहीने पुसले, आणि आईने, सवयीने, "बाही नको, रुमाल घे," म्हणून आपला रुमाल तिच्या हातात कोंबला.

"आणि तू," अक्का थोरल्याला म्हणाल्या, "काप."

त्याने खडू घेतला. नमुन्याचा झगा शेजारी ठेवून रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. कातर हातात घेतली तेव्हा तिच्या वजनाने त्याचे मनगट किंचित खाली गेले. कापडाची डावी कड दुमडली होती, अगदी थोडी. अक्कांना ती दिसली. तशीच राहिली तर काखेच्या वळणाला कापड ओढ धरील. त्यांची बोटे खुर्चीच्या हातावरून सुटली. पाठ ताठ झाली. त्या अर्ध्या उठल्यादेखील.

तेव्हा त्यांच्या उजव्या खांद्यावर एक हात आला. जोर न लावता ठेवलेला, पण पूर्ण ठेवलेला.

"आत्या," वितू हळूच म्हणाली, "मदत करू नकोस. जड हो."

अक्का बसल्या. त्यांनी पाठ सोडली, मान सोडली, मांडीवरचे दोन्ही हात एकेक करून सोडले, गार पलंगावर रोज सोडत तसे. आणि सबंध भार त्या खुर्चीवर आणि त्या हातावर टाकला. हात हलला नाही.

थोरल्याने कातर कडेला लावली. मग थांबला, वाकून पाहिले, दुमडलेली कड त्यालाच दिसली, आणि ती त्याने दोन बोटांनी ओढून सारखी केली. कातर कापडात शिरली.

तो आवाज अक्कांनी आयुष्यभर आपल्याच हातातून ऐकला होता. दुरून तो कसा ऐकू येतो, हे त्यांना आज प्रथमच कळत होते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. निळे कापड रेघेवरून उघडत वळणापर्यंत आले, वळणावर जरा अडखळले, आणि पार गेले.

मेजाच्या पलीकडून जडबाई त्यांच्याचकडे पाहत होत्या.

"सोडा," त्या म्हणाल्या.